डोक्यातली कडी

हुपरीहून आलेलं ते जोडपं सकाळी साडेदहाच्या सुमारास माझ्या खोलीत आलं. कोल्हापुरातल्या एका खाजगी दवाखान्यात मी गेली बावीस वर्षं ईईजी काढते. पेशंटच्या डोक्याला तारा लावायच्या, मेंदूत उठणाऱ्या बारीक विजेच्या लाटा पडद्यावर उमटतात त्या नोंदवायच्या आणि डॉक्टरांकडे पाठवायच्या. त्यांचा अर्थ लावणं डॉक्टरांचं काम. माझं काम त्या नोंदीची पट्टी स्वच्छ काढून देणं, बस्स.

माणूस साठीच्या आसपासचा. उभा जन्म चांदीचे पैंजण घडवण्यात गेलेला. चार महिन्यांपूर्वी अर्धांगवायूचा झटका येऊन उजवा हात लुळा पडला होता, पाय ओढत चालत होता आणि वाचा गेली होती. गेली म्हणजे एक शब्द तेवढा शिल्लक होता. "हाय." जेवलात का विचारलं तर हाय, दुखतंय का विचारलं तर हाय, नाव विचारलं तरी हाय. मागच्या आठवड्यात त्यांना फिट आली म्हणून डॉक्टरांनी ईईजी सांगितला होता.

"तेल न लावता डोकं धुतलंय न्हवं?" मी बाईंना विचारलं. हुपरी-कागलकडची माणसं आली की माझी भाषा आपोआप वळते.

"धुतलंय की. मीच धुतलं," त्या म्हणाल्या. मग मी टेपनं पेशंटचं डोकं मोजायला लागले तशा जवळ सरकून हळूच म्हणाल्या, "म्याडम, ह्यात इचार दिसतो का वो?"

हा प्रश्न मला नवा नव्हता. मी नेहमीचं उत्तर दिलं. "लाटा दिसतात. विचार दिसत नाही."

"लाटा हायत म्हंजे खाली पाणी असनारच की."

मी हसले, पण त्या हसत नव्हत्या. "घरात सगळी म्हंत्यात, ह्यांच्या डोक्यात आता काय राहिलं न्हाय. कायबी इचारा, हाय म्हंत्यात. पोरगा त्यांच्यादेखत म्हंतो, बाबांस्नी काय कळतंय. मला तसं वाटत न्हाय. माझं कोन ऐकतंय? तुमच्या मशिनीत बघून सांगा, आत हायत का न्हाईत हे."

असलं सांगण्याचा मला अधिकार नाही, तसं मी म्हटलंही. मग मी तारा चिकटवायची पेस्ट लावायला घेतली.

आमच्या तारांच्या टोकांना लहानशा वाट्या असतात, शर्टाच्या बटणाएवढ्या. एक वाटी हातातून सुटून पेशंटच्या मांडीवर पडली. त्यांनी ती डाव्या हातानं उचलली, अंगठ्यानं आतून घासली, खिडकीच्या उजेडाकडे धरली. मग उलटी करून कड पाहिली आणि तोंड वाकडं केलं. भाजीवाल्यानं किडकी वांगी पुढे केल्यावर आपण करतो तसं.

"चांदी हाय व्हय ती?" बाईंनी विचारलं.

"आत चांदीचा थर असतो."

"मग त्यांस्नी पसंत न्हाय पडली," त्या म्हणाल्या.

त्या वाकड्या तोंडानं मला हलवलं. डोक्यात काही राहिलेलं नाही अशा माणसाला कारागिरीतली खोट कशी दिसेल?

पट्टी नेहमीसारखी सुरू केली. माणूस डोळे मिटून निवांत पडला की डोक्याच्या मागच्या बाजूला एक संथ, एकसारखी लाट चालू होते. डोळे उघडले की ती मोडते. डोळे मिटलेलेच ठेवून मनातल्या मनात वजाबाकी करायला सांगितली तरी बऱ्याच जणांची मोडते. बाईंनी त्यांच्या पापण्यांवरून हात फिरवला, त्यांनी डोळे मिटले आणि डाव्या बाजूची मंद, उजवीकडची स्वच्छ अशी लाट दिसायला लागली. ठरलेलं सगळं झाल्यावर मी बाईंना म्हटलं, "त्यांना काहीतरी आठवायला सांगा. त्यांच्या कामातलं. डोळे उघडायचे नाहीत."

बाई कानाशी वाकल्या. "आवं, ती पैंजणाची नवी कडी सांगत हुता बघा पाडव्याला. झाळायचा डाग न देता अडकत्या म्हंत हुता. ती कशी हुती, आठवा जरा."

चार-पाच सेकंद गेले. मग उजवीकडची ती संथ लाट विरघळल्यासारखी झाली आणि तिच्या जागी बारीक, घाईघाईच्या रेषा आल्या. पापणी हलली नव्हती. मी त्यांना "आता शांत पडा" म्हटलं, लाट परत आली. बाईंनी पुन्हा विचारलं, पुन्हा गेली. तीनदा केलं, तीनदा तसंच. पट्टीवर प्रत्येक ठिकाणी मी खूण केली आणि काय विचारलं ते लिहिलं.

डॉक्टरांनी ते पाहिलं आणि आधी मलाच झापलं. "हा विचाराचा पुरावा नव्हे. लक्ष कुठेतरी गुंतलं, एवढंच ह्यावरून म्हणता येईल. नातेवाइकांना भलती आशा लावू नका." पण उठून त्यांनी टेबलावर पेन, किल्ली, चष्मा आणि पाण्याचा पेला मांडला. "काका, बोलू नका. नुसतं दाखवा. किल्ली कुठली?" डाव्या हाताचं बोट किल्लीवर गेलं. "पाणी प्यायला काय लागतं?" बोट पेल्यावर गेलं. दहातले नऊ बरोबर आले.

"ह्यांना कळतंय," डॉक्टर बाईंना म्हणाले. "बोलायची वाट तुटली आहे. समजायची बरीचशी शाबूत आहे. आणि काहीही विचारलं की हाय म्हणतात, कारण त्यांच्या तोंडून तेवढंच बाहेर पडतं. आता वाचा सुधारायचे व्यायाम सुरू करायचे."

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं आणि एकदम चढ्या आवाजात म्हणाल्या, "मग चार म्हैनं सगळं ऐकत पडला हुता व्हय तुम्ही!"

"हाय," ते म्हणाले आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

त्या संध्याकाळी मी ही हकीकत घरी सांगितली. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, जयसिंगपूरला शाळेत गणित शिकवायचे. आई गेल्यापासून ते माझ्याकडे असतात. आमच्याकडे जेवण दिवसाउजेडी होतं, म्हणून मी घरी पोचते तेव्हा ते कोशिंबिरीसाठी काकडी चिरत बसलेले असतात. सगळं ऐकून त्यांनी सुरी खाली ठेवली.

"हे बघ," ते म्हणाले. "सुरीला काकडी कधी दिसते का? तिला चकती दिसते. एकामागून एक चकत्या. पूर्ण काकडीची लांबी सुरीच्या दिशेत नाहीच. तुझ्या यंत्राचं तसंच. विचार ज्या दिशेला पसरलाय ती दिशाच त्याच्याकडे नाही. लांबी, रुंदी, उंची ह्यांच्या पलीकडची."

अण्णांचं हे जुनं वेड. चौथ्या मितीवर ते शाळेतल्या पोरांना तास संपेपर्यंत बोलायचे आणि पोरं खूश, कारण गृहपाठ राहून जायचा.

"मग रक्ताची गुठळी मेंदूत अडकली की शब्द का जातात?" मी विचारलं. "विचार जर पलीकडे कुठेतरी असेल तर त्याला इथली गुठळी कशी बाधते?"

"शब्द गेले ना? कडी गेली का?"

"कडी मेंदूच्या न बिघडलेल्या भागात असेल."

"असेल," अण्णा म्हणाले आणि पुन्हा चिरायला लागले. ते नाराज झाले की वाद सोडून देतात. मी मात्र बावीस वर्षं लाटा पाहिल्यात. फिटनं माणसाचा स्वभाव बदललेला पाहिलाय, गाठ काढल्यावर परत आलेला पाहिलाय. विचार हाडामांसाचा आहे, असंच मला वाटत आलंय. तरीही लाट मोडली ते क्षण मला सोडत नव्हते. पडद्यावर जे मोडलं ते मी पाहिलं होतं. जी कडी आठवली गेली ती मी पाहिली नव्हती, आणि कितीही तारा लावल्या असत्या तरी दिसली नसती.

अडीच महिन्यांनी बाईंचा फोन आला. "म्याडम, रविवारी या की. ह्यांनी काय केलंय ते बघायला." अण्णा माझ्याआधी तयार होऊन बसले. हुपरीची एसटी धरून आम्ही गेलो.

घराच्या पुढच्या खोलीतच त्यांचं कामाचं ठिकाण होतं. ते खिडकीशी पाटावर बसले होते. तांब्याची तार एका जड पकडीत अडकवलेली आणि डाव्या हातात चिमटा. समोरच्या फडक्यावर तीन कड्या एकमेकींत अडकलेल्या. वेड्यावाकड्या होत्या, पण जोड झाळायला कुठे डाग दिलेला नव्हता. हलवलं की त्या सापासारख्या वळायच्या आणि सुटायच्या नाहीत.

त्यांचा मुलगा तिथेच होता. चाळिशीचा, आता कारखाना तोच बघतो. "पाडव्याला म्हनालं हुतं, नवी कडी सुचल्या म्हनून," तो म्हणाला. "कागदावर काय काढलं न्हाय. आमाला वाटलं, गेली त्यांच्यासंगं." एवढं बोलून तो वडिलांकडे न बघता तार सरळ करत बसला.

अण्णांनी खिशातून वही काढून कडीचं चित्र काढायला घेतलं. कुठली तार वरून आणि कुठली खालून जाते ते त्यांना जमेना. चार कागद झाले. प्रत्येक चित्र बघून ते कारागीर मान हलवायचे आणि शेवटच्याला तर पोट धरून हसले. साडेसहा महिने तोंडातून एका शब्दापलीकडे काही न निघालेला माणूस असा खदाखदा हसताना मी प्रथमच पाहिला.

मग अण्णांनी त्यांना अगदी वर्गात विचारावं तसं विचारलं. "ही कडी इतके दिवस कुठं होती?"

मला वाटलं, ते कपाळाला बोट लावतील. अण्णांना काय अपेक्षा होती देव जाणे. कारागिरांनी चिमटा खाली ठेवला, डाव्या हातानं आपला लुळा उजवा हात मनगटाला धरून उचलला आणि आमच्यासमोर धरला. मग तो सावकाश मांडीवर ठेवून डाव्या हाताची बोटं आमच्यापुढे हलवून दाखवली.

"ह्या हातात हुती, ती ह्या हातात आनली म्हंत्यात," बाई म्हणाल्या.

बाईंनी चहा आणला.

परतताना एसटीत अण्णा म्हणाले, "बघ, डोक्यात नव्हती." मी म्हटलं, "हात दुखतोय, असंही सांगत असतील." त्यावर ते विचारात पडले आणि म्हणाले, "तेही असेल."

पुढे व्यायामानं त्यांना थोडं बोलता यायला लागलं. आधी 'न्हाय' आला. तो आल्यावर घरातली भांडणं वाढली, असं बाई फोनवर कौतुकानं सांगत होत्या. मुलगा आता रोज दुपारी तासभर वडिलांसमोर बसतो आणि चांदीच्या तारेवर ती कडी शिकतो. त्या कडीच्या पैंजणांची पहिली जोडी तयार व्हायला सात महिने लागले.

अण्णांना ती कडी अजून कागदावर काढता आलेली नाही. दर दुसऱ्या रविवारी ते वही घेऊन हुपरीला जातात. एकजण दिवसभर मितींवर बोलत असतो, दुसऱ्याला चार-पाच शब्दांपलीकडे बोलता येत नाही. परवा बाईंनी मला फोन केला. "तुमच्या वडलांस्नी ह्यांनी आज तापल्या तारंचा चिमटा धरायला दिला," म्हणाल्या, "बोट भाजून घेतलंय, पन काळजी करू नका, तूप लावलंय."