मागं ठीक

आमच्या घराण्यात शौर्य थोरल्या काकांच्या वाट्याला गेलं आणि पोट माझ्या. ते पलटणीतून सुभेदार होऊन निवृत्त झाले. मी वाळूजच्या एका कारखान्यात, स्टोअरमधल्या नट-बोल्टांवर हुकूमत गाजवतो. काका नेहमी रांगेच्या पुढं असायचे आणि मी नेहमी मागं, एवढाच काय तो आमचा संबंध म्हणा ना.

रांग म्हणजे रविवारची. निवृत्त झाल्यावर काकांनी आमच्या शहराच्या कडेला, सातारा परिसरात, डोंगराच्या पायथ्याशी घर बांधलं आणि त्यात काकूला ठेवून स्वतः दिवसभर डोंगरातच राहू लागले. झोपायचे गच्चीवर, बाजेवर. "डोळ्यावर छत आलं की गुदमरतं," म्हणायचे. कुणी लढाईचं विचारलं तर तिकडच्या पाखरांचं सांगायचे. रविवार उजाडला की आम्ही पुतणे-भाचे त्यांच्या मागं, फडक्यात भाकरी-ठेचा बांधून.

त्यांचा नियम एकच होता. पुढचा माणूस मागं वळून बघणार नाही, त्याचं लक्ष वाटेवर. तो फक्त ओरडणार, "मागं?" सगळ्यात शेवटच्यानं उत्तर द्यायचं, "ठीक!" उत्तर आलं की रांग चालणार. नाही आलं, तर पुढच्यानं जागच्या जागी थांबायचं, काही का असेना. शेवटचा कायम मीच असायचो, म्हणून माझं नाव 'पिछाडी' पडलं. माझ्या लग्नात हार घालायच्या वेळी काका मांडवाच्या टोकावरून ओरडले, "मागं?" आणि मी सवयीनं म्हणालो, "ठीक!" बायकोला वाटलं, हे तिच्याबद्दलचं मत आहे. भांडण झालं की अजून काढते, "ठीक? नुसतं ठीक?"

काका विसरायला लागले तेव्हा आधी गंमतच वाटली. खाडकन पाय जुळवून ते काकूकडं छुट्टी मागायचे. काकू हसून म्हणायची, "मंजूर!" मग एका संध्याकाळी ते पार बीड बायपासला सापडले. अनवाणी, ट्रकांना हात करत. डॉक्टर म्हणाले, एकट्यानं बाहेर पाठवू नका. काकांचा मुलगा पुण्याहून फोनवर म्हणाला, बाहेर पाठवूच नका.

कुलूप आणायचं काम माझ्याकडं आलं. गुलमंडीत दुकानदारानं विचारलं, "घर कू होना क्या गोदाम कू?"

मी म्हणालो, "सुभेदार कू."

तो हसला. मीही हसलो. तिथून घरी येईपर्यंत मात्र ते कुलूप खिशात फार जड झालं.

त्या दिवसापासून काका फाटकाचे गज धरून उभे राहू लागले. समोर डोंगर. जेवण कमी झालं, मग बोलणं. कधी कधी मलाही ओळखायचे नाहीत. काकू म्हणाली, "उभ्या उभ्या वाळायला लागलंय रं हे माणूस. पण सोडू तरी कसं? तूच ठरव. तुझं ऐकतेत."

माझं तर माझं पोटसुद्धा ऐकत नाही. पण शेवटी ठरलं असं, की मी त्यांना एकदा डोंगरात नेऊन बघायचं. नीट गेले-आले, तर कुलूप काढायचं आणि रोज कुणीतरी सोबत जायचं. नाहीतर फाटक कायमचं बंद.

सकाळी फाटक उघडलं आणि काकांची पाठ सरळ झाली. "चल पिछाडी," म्हणाले. "लई फुगला रे तू." त्यांनी ओळखलं म्हणून मला इतका आनंद झाला, की अपमान लक्षातच आला नाही. वर चढताना त्यांनी घिरट्या घालणारा ससाणा दाखवला. कुठल्या कपारीत पाणी टिकतं ते सांगितलं. बघितलं तर खरंच होतं. मग ते पुढं, मी मागं. "मागं?" "ठीक!" चढण वाढली तसं आमच्यातलं अंतर वाढलं. धापा टाकत मी मनात वाक्य जुळवत होतो: काकू, टाक ते कुलूप आडात.

आणि माथ्यावर आल्यावर माझ्या ध्यानात आलं, ते कुठं निघालेत.

डोंगराची पलीकडची बाजू मुरमासाठी खणून नेलीय. कामावर जाताना मला ते रोज दिसतं. काकांच्या डोक्यात मात्र डोंगर अख्खा होता. ते त्यांच्या जुन्या वाटेनं, ती अजिबात न चुकता, निघाले होते आणि ती वाट पुढं हवेत संपत होती. पळून त्यांना गाठणं माझ्या बापजन्मात शक्य नव्हतं. "थांबा," असं मी दोनदा ओरडलो. पण थांबा, थांबा, हे ते इतके महिने ऐकत होते, की तो शब्द त्यांच्या कानांनी सोडून दिला होता.

तेवढ्यात त्यांनी विचारलं, "मागं?"

'ठीक' ओठांवर आलंच होतं. मी तोंडावर हात दाबला आणि मटकन खाली बसलो.

काका थांबले. पायाखालचे खडे सुटून खाली गेले, त्यांचा आवाज बऱ्याच वेळानं आला.

"मागं?"

मी गप्प.

"अरे, मागं कोण हाय?" हा आवाज सुभेदाराचा नव्हता. आणि काका वळले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा वळून बघितलं त्यांनी. मला बसलेला पाहून जवळजवळ धावत आले, माझे पाय चाचपू लागले. "कुठं लागलं? बोल की!"

"दम लागला, काका."

"मग तसं सांगावं ना, गाढवा. मागून उत्तर नाय आलं की काय काय येतं डोक्यात, तुला काय ठावं." मग बराच वेळ ते दरीकडं बघत राहिले. कुणाचं उत्तर आलं नव्हतं, कधी, कुठं, हे मी विचारलं नाही.

"आता तू पुढं हो," म्हणाले.

उतरताना आयुष्यात पहिल्यांदा मी पुढं होतो. मी विचारत होतो, ते "ठीक" म्हणत होते, दर वेळी जरा हळू. घर दिसायला लागलं तेव्हा मागून आवाज आला, "कुठं जायचंय आपल्याला?"

काकू फाटकात उभी होती. "कसं झालं?" म्हणाली. मी काकांना आत घेतलं आणि कुलूप लावलं.

गेल्या हिवाळ्यात काकांनी अंथरूण धरलं. डोंगर दिसावा म्हणून आम्ही त्यांची बाज अंगणात टाकली होती. एका दुपारी डोळे मिटलेलेच असताना ते अगदी स्वच्छ म्हणाले, "मागं?"

मी जवळच होतो. उत्तर दिलं की काय होतं, ते मला माहीत होतं. मी तोंड मिटून घेतलं. त्यांनी वाट बघितली, पुन्हा विचारलं. मी तसाच.

काकू शेजारी मेथी निवडत होती. डोंगरात ती एकदाही आली नव्हती. तिनं पदराला हात पुसला, त्यांच्या कपाळावर ठेवला आणि म्हणाली, "ठीक हाय वो. मागं समदं ठीक हाय. तुम्ही चला."

लगेच काही झालं नाही. संध्याकाळी त्यांनी चहा मागितला, आणि साखर कमी आहे म्हणून कुरकुरले. गेले ते काही दिवसांनी, मी वाळूजला असताना.

फाटकाला आता कुलूप नसतं. परवा गेलो तेव्हा काकूनं चहा पुढं केला आणि विचारलं, "त्या दुपारी तू गप का बसला होता रं?"

मी म्हणालो, "दम लागला होता, काकू."