हातातली गाठ

बायको वारल्यावर मी देवबागच्या शाळेत बदली मागून घेतली. शाळेच्या वाटेवर एक म्हातारा रोज होडीच्या सावलीत बसून फाटलेलं जाळं विणत असे. त्याचा झील, म्हणजे मुलगा, मासेमारीला गेला, तो वादळातून परतलाच नाही, असं गावात कळलं. म्हातारा मध्येच थांबे, डोळे मिटून सावकाश श्वास घेई, नुकतीच मारलेली गाठ सोडी आणि पुन्हा मारी. एकदा मी कारण विचारलं.

"झील आठवलो काय गाठ चुकता, मास्तरानू," तो म्हणाला. "आठवण येवंदे, तिका नाय म्हणूचा नाय. पण मगे हातातल्या गाठीकडे बघूचा. तेवढो वेळ जीव बरो आसता."

मी त्याच्याजवळ वाळूत बसून राहिलो. त्या संध्याकाळी जेवताना सोलकढीची चव मला कित्येक महिन्यांनी कळली.