तिने मान वळवली नव्हती

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही—आणि आता ती राहिली नाही. म्हणून तुम्हाला सांगतो.

तारनाक्याच्या एका संस्थेत मी तान्ह्या मुलांवर संशोधन करायचो. आवाजातला फरक बाळाला कधी कळू लागतो? ज्याला बोलता येत नाही त्याला विचारायचं कसं? आम्ही त्याची मान बघायचो. बाळ आईच्या मांडीवर, बाजूला स्पीकर. ‘बा-बा-बा’ चालू असताना मध्येच ‘दा’ यायचं. तेव्हा बाळ वळलं, की स्पीकरवरचं खेळण्यातलं माकड उजळून टाळ्या वाजवायचं. शिकवण्यापुरते सुरुवातीला आवाज आणि माकड एकदम. आईच्या कानांवर हेडफोन, त्यात गाणी—तिने नकळत इशारा करू नये म्हणून. बाळ कशाला वळलं, हे फक्त मला कळायचं.

सरिता शहरातल्या कोठी भागातून आली होती, मांडीवर जेमतेम बसू लागलेली लेक घेऊन. “हाक मारली की बघतच नाही हो सर. सासूबाई म्हणतात, नवाबाची बेटी आहे, नखरे करते.”

माकड उजळलं की मुलगी वळायची, खुदकन हसायची. नुसत्या आवाजाला—नाही. मी आवाज वाढवला. नाही. अशी बाळं आम्ही ‘किरकिरी’ म्हणून वगळायचो. पण ती किरकिरत कुठे होती?

सरिताने हेडफोन काढले. “बराबर ऐकली ना सर?”

मी डॉक्टर नव्हतो, असं तेव्हा मनाशी म्हटलं. खरं कारण? ती रडली असती. बाहेर दुसऱ्या आया बसल्या होत्या, त्या उठून गेल्या असत्या.

“छान ऐकलं,” मी म्हणालो.

काही वर्षांनी कोठीतच, कानाच्या दवाखान्याबाहेर, तिनेच मला ओळखलं. मुलगी शेजारी उभी, कानामागे यंत्र. आईला काही सांगत होती—शब्द नव्हते, नुसते हुंकार.

“तुम्ही तपासलं तेव्हा चांगली होती ना सर? डॉक्टरलाही तेच सांगितलं मी. नंतर ताप आला, आणि मी घरीच काढे देत बसले. माझ्यामुळेच गेले तिचे कान.”

मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं—

“तापाने होतं असं कधीकधी,” मी म्हणालो.

सरिताने डोळे पुसले, मुलीचा हात धरला आणि दवाखान्याच्या पायऱ्या चढून गेली. मी तिला हाक मारली नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही.