पत्र्यावर वाळलेली काळी माती

रिपोर्टमध्ये निकेल नव्हतं. मी तो कागद तीनदा वाचला. लोखंड विचारूच नका, मँगनीजही भरपूर, पण निकेलच्या रकान्यात जवळजवळ काहीच नाही. बालाजी टेबलासमोर उभा होता. माझ्या तोंडाकडे बघूनच त्याला कळलं असावं.

मी नांदेडच्या एका कॉलेजात भूविज्ञान शिकवायचे. बालाजी माझा पीएच.डी.चा विद्यार्थी, औसा तालुक्यातला. त्र्याण्णवच्या भूकंपात त्याचे वडील आणि धाकटी बहीण गेली. तो सुट्टीत जायचा ते घर म्हणजे पत्र्याचं तात्पुरतं शेड, आणि त्यात एकटी राहणारी त्याची माय. गावाजवळ नवी विहीर खोदताना तळाशी वीतभर जाडीचा काळा, मऊ थर लागला. ते पीट होतं. पीट म्हणजे पाण्याखाली दबून अर्धवट कुजलेल्या वनस्पती. आपल्या भागात ते सापडत नाही म्हटलं तरी चालेल.

पीटचा गुण असा की वरून पडेल ते ते धरून ठेवतं. मोठी उल्का आदळली किंवा हवेत फुटली, की वितळलेले थेंब गार होऊन त्यांचे बारीक गोल मणी होतात आणि दूरदूर पडतात. अशा मण्यांत निकेल असतं. बालाजीने थराचे आठ तुकडे केले, वरून खाली नंबर घातले. वाळलेल्या मातीतून चुंबकाने काढलेले मणी त्याने मायक्रोस्कोपखाली ठेवले, तेव्हा मी खुर्चीवरून उठलेच. काळे, चकचकीत, मोहरीपेक्षा कितीतरी बारीक. आमच्या एचओडी सरांनी त्याच आठवड्यात कॉन्फरन्सला पेपर कळवून टाकला.

"मॅडम, भूकंपात आमच्या जमिनीतून निस्ते मढे काढले लोकांनी," बालाजी त्या दिवशी म्हणाला होता. "तिच्यातून एक तरी चांगली गोष्ट निघू द्या."

आणि आता त्या मण्यांच्या तपासणीचा हा रिपोर्ट.

"निकेल नाही रे," मी म्हटलं.

"मशीन चुकलं असंल, मॅडम."

"मणी कोणकोणत्या नंबरांत होते?"

"समद्यात. एक ते सात."

आकाशातून एकदा पडलेली वस्तू एखाद्याच थरात सापडायला हवी. वरपासून खालपर्यंत सारखी सापडली, तर ती बहुतेक आपणच घातलेली असते. हे मी दरवर्षी वर्गात सांगायचे. मणी बघून हुरळले तेव्हा मात्र नेमकं हेच विसरले.

"आणि आठ?"

"ती पिशवी फाटली होती. कपाटातच राहिली. ओलीच हाय अजून."

आम्ही आठ नंबर तपासला. एकही मणी नाही.

"बाकीचे सात कुठं वाळवलेस?"

सॅम्पलच्या फॉर्मवर 'ओव्हनमध्ये वाळवले' असं छापलेलंच असतं, पुढे गाईडची सही. सही माझी होती. ओव्हन दोन महिने बंद होता, हे मला ठाऊक होतं. तरी मी विचारलं नव्हतं.

"घरी नेले होते," तो शेवटी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी एसटीने त्याच्या गावी गेलो. मायनं कौतुकाने जागा दाखवली. शेडसमोर विटांवर टाकलेला पत्रा.

"हितंच, बाई. सात ताटं येगयेगळी ठिवली. आठ दिस काठी घिऊन बसले, पाखरू बसू दिलं न्हाई. कुरडया बी कदी इतक्या जपून वाळवल्या न्हाईत."

वाटेपलीकडे शाळेच्या शेडचं वेल्डिंग चाललं होतं. माय म्हणाली, ते कधीचं सुरूच आहे, आधी राहायची शेडं झाली, आता शाळा. वारा तिकडून इकडे होता. मी चुंबकाला कागद गुंडाळून पत्र्यावरून फिरवला आणि भिंगातून पाहिलं. तेच मणी. वेल्डिंगची ठिणगी म्हणजे वितळलेल्या लोखंडाचा थेंबच. हवेत गोल होतो, गार होऊन पडतो. मँगनीजही त्या पोलादातलं आणि वेल्डिंगच्या रॉडमधलं.

बालाजीने भिंग घेतलं. बराच वेळ पाहत राहिला.

"मॅडम," तो हळूच म्हणाला, "मायला सांगू नका."

एचओडी सरांना सांगितलं तर ते उखडले. "वेल्डिंगचं कशाला काढता? टेस्ट चालू आहेत म्हणा. वर्षभर निघून जाईल."

"आणि वर्षानंतर?"

"आत्ता खरं सांगितलंत तर पोराचं वाटोळं होईल, बाई."

पोराने स्वतःच पेपर मागे घेतल्याचं पत्र आणून टेबलावर ठेवलं. नवीन सॅम्पल मिळणं शक्य नव्हतं. विहीर तोवर दगडांनी बांधून झाली होती, थर त्या दगडांमागे गेला. फेलोशिपला मुदतवाढ मिळाली नाही. लातुरात गल्लोगल्ली क्लासेस निघत होते, त्यातल्या एकात तो केमिस्ट्री शिकवायला लागला. चांगलं शिकवतो म्हणतात. दगडाला त्याने पुन्हा हात लावला नाही, आणि ते मला आजही खुपतं.

एवढ्यावरून मी एकच शिकले. छापील ओळीपुढे सही करण्याआधी उठून जाऊन ओव्हन बघावा.

पुढे काही वर्षांनी लातूरला त्याच्या घरी गेले होते. तो क्लासला गेलेला. मायनं चहा दिला आणि जवळ येऊन बसली.

"बाई, ती माती कशी निघाली शेवटी? त्यो काईच सांगत न्हाई. वाळवताना माझ्याकडनं चुकलं का काई?"

"नाही हो. वाळवायचं काम माझं होतं. ते न करता मी सही केली."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग सुटल्यासारखा श्वास सोडला.

"हाव का? मला इतके दिस वाटत हुतं, माझा डोळा लागला आन् पाखरू बसून गेलं."