मालधक्क्याचे आठ ब्रॅकेट

निवृत्त होऊन आता काही वर्षे झाली. हाताळलेले कित्येक गुन्हे विसरलो, पण रेल्वेच्या जुन्या मालधक्क्याचा एक साधा चोरीचा गुन्हा अजून मनातून जात नाही.

तेव्हा मी रायगड किनाऱ्यावरच्या एका तालुक्याच्या गावी पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. खाडीकडेला काळ्या दगडाचा मालधक्का होता. मालगाडी बंद होऊन बरीच वर्षे लोटली होती. रेल्वेने इमारत नगरपालिकेच्या ताब्यात दिली होती आणि वारसा यादीत तिची नोंद झाली होती. छपराचा पुढे आलेला भाग दगडी खांबांवरच्या आठ ओतीव लोखंडी ब्रॅकेटांनी तोलून धरला होता. प्रत्येकावर वेलाची नक्षी. दुरुस्तीचे काम एका ठेकेदाराला मिळाले होते.

एके सकाळी तोच ठाण्यात आला. "साहेब, आठच्या आठ ब्रॅकेट गेले," म्हणाला. मी गुन्हा दाखल केला. प्रकरण दिसते तेवढे लहान नव्हते. ती जागा मोकळी करून वाहनतळ करावा, असे म्हणणारे नगरपालिकेत बरेच जण होते. मूळचे लोखंड गेले तर इमारत यादीतून काढायला त्यांना कारण मिळणार होते.

आम्ही पंचनामा केला. सहा ठिकाणी बोल्ट नीट सोडवलेले होते आणि छप्पर बसू नये म्हणून खाली लाकडी टेकू लावलेले होते. दोन ठिकाणी मात्र दगडाचे टवके उडाले होते. हे सगळे मीच सांगून लिहून घेतले आणि कागद फायलीत लावून टाकला.

तिसऱ्या दिवशी एका रिक्षावाल्याने खबर दिली. रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका फिटरच्या सुपारीच्या वाडीत जड लोखंड उतरले होते. आम्ही गेलो. म्हातारा सत्तरीच्या पुढचा, बायको वारलेली, मुलगा आखातात, मुलगी नवी मुंबईत. गावात सगळे त्याला चाचा म्हणत. झावळ्यांच्या ढिगाखाली गोणपाटात गुंडाळलेले सहा ब्रॅकेट निघाले. तेल लावलेले, रंगाने नंबर घातलेले.

"मीच नेलेत," तो म्हणाला. "कामगारांच्या सुट्टीच्या दिवशी, भर दुपारी."

"उरलेले दोन कुठेत?"

"सहाच नेलेत, साहेब. दोन माझ्या हाताला लागलेच न्हाय."

"बरोबर कोण होतं?"

"कोन न्हाय. एकटाच."

असा एक ब्रॅकेट उचलायला तीन माणसे लागतात. तो खोटे बोलतोय हे उघड होते. माणूस एका ठिकाणी खोटे बोलला की पोलीस त्याचे सगळेच खोटे धरतो. आमच्या धंद्याची ही जुनी खोड. वरून लवकर तपास संपवा म्हणून फोन येत होते. मी त्याला दोन दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत ठाण्यातल्या बाकावर बसवून ठेवले आणि तेच तेच दोन प्रश्न विचारत राहिलो. तो दुसरे काही सांगू लागला की मी तोडायचो.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानेच मला विचारले, "साहेब, धक्क्याच्या छपराला वरती झरोके कशाला ठेवलेत, ठाव हाय?"

"कशाला?"

"भाताच्या गोणीला घाम येऊ नये म्हणून. आन् जोतं बरोबर वॅगनच्या दाराएवढं. हमालाला पायरी चढाय लागत न्हाय. छपराच्या सावलीत भर दुपारी पन खांब गार, पाठ टेकाय. बांधणाऱ्यानं हमालाचा इचार केला व्हता, साहेब. आता कोन करतो?"

माझे गाव आतल्या भाताच्या पट्ट्यातले. वडील गाडी जुंपून असल्याच एका धक्क्यावर भात आणायचे, गोणींवर मी बसलेला असायचो. ते आठवले आणि पुढचा प्रश्न विचारवेना. मी फाइल उघडून पंचनामा पहिल्यापासून वाचला.

"चाचा, दोन ठिकाणचा दगड फुटलाय. तुम्ही फोडलात?"

"मी?" पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला. "बोल्टला तीन दिस तेल पाजून सोडवलेत मी! ठेकेदाराच्या मान्सांनी दोन घनानं फोडले. तुकडे भंगारात गेले. मी नगरपालिकेत अर्ज घेऊन गेलो, कोनी घेतला न्हाय. उरलेले पन फुटले असते. म्हनून उतरवले. परत बसवायचेत, म्हनून नंबर घातले."

मी त्याला लगेच घरी पाठवले. संध्याकाळच्या आत भंगारवाल्याकडे नक्षीचे तुकडे सापडले. ठेकेदाराच्या मुकादमाने जबाबात सगळे कबूल केले. सहा ब्रॅकेट जागेवर नाहीत हे पाहून ठेकेदाराने आपण फोडलेले दोनही त्याच चोरीत घुसडले होते. त्याला अटक झाली. चाचाचा हेतू अप्रामाणिक नव्हता, असा अहवाल मी न्यायालयाला दिला आणि त्याचे नाव गुन्ह्यातून निघाले. बरोबरच्या दोघांची नावे मला नंतर कळली. दोघे धक्क्यावरचे जुने हमाल. तपासाच्या कागदांत मी ती घेतली नाहीत, हे आज सांगायला हरकत नाही.

ब्रॅकेट मात्र मुद्देमाल म्हणून ठाण्यातच अडकले. खाऱ्या हवेने गंज चढू नये म्हणून चाचा दर आठवड्याला तेलाची बाटली घेऊन यायचा. "कधी सोडनार?" एवढेच विचारायचा. पुढे त्याच्याने एकटे राहवेना, मुलगी त्याला घेऊन गेली.

न्यायालयाचा आदेश झाला तेव्हा मी निवृत्त झालो होतो. एका वास्तुविशारद बाईंच्या देखरेखीखाली सहाही ब्रॅकेट चाचाने घातलेल्या नंबरांप्रमाणे बसले. मोडलेले दोन नव्याने ओतून घेतले. इमारत यादीत राहिली. त्या दिवशी मी धक्क्यावर उभा राहून त्याला फोन लावला.

"चाचा, बसले सगळे."

तो म्हणाला, "दुपार हाय ना? खांबाला हात लावा, साहेब. गार लागतो?"

मी हात लावला. "गार आहे."

"बस," तो म्हणाला. "हितं नवव्या मजल्यावर ऱ्हातो मी. हात लावावा असं काय बी न्हाय."

खोटे कसे पकडायचे हे खात्याने मला शिकवले. खरे सांगणाऱ्याचे ऐकून कसे घ्यायचे, हे त्या म्हाताऱ्याने शिकवले, आणि त्यासाठी त्याला दोन दिवस बाकावर बसावे लागले. त्याची माफी मागायची, असे ठरवूनच मी फोन लावला होता. ती राहून गेली. पुन्हा लावला तेव्हा मुलीने उचलला आणि चाचा गेल्याचे सांगितले.