बाबांकडे तोंड केलेला स्पीकर

माझी नोकरी नक्की कसली, हे आमच्या घरात कुणालाच धड सांगता येत नाही. आई ‘साउंडचं करते’ म्हणते, बाबा ‘इव्हेंटमध्ये आहे’ म्हणून विषय बदलतात. मी गुरुग्रामच्या एका कंपनीत आहे. सभा, बक्षीस समारंभ, हॉटेलांतली लग्नं, काहीही असो, आवाजाची जबाबदारी आमची. समोरचा माणूस बोलला की ते शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचलं पाहिजे आणि मध्ये कुठे स्पीकरची शिट्टी वाजता कामा नये. हे काम मला येतं. उगाच नम्रता कशाला दाखवू, चांगलंच येतं.

बाबा तरुणपणी वर्ध्याकडून सरकारी नोकरीसाठी दिल्लीत आले आणि निवृत्त होईपर्यंत फायली सांभाळत राहिले. पण आपल्या लोकांत त्यांची ओळख गाण्याची. एप्रिलमधली जयंती सरोजिनी नगरच्या बारातघरात होते. इकडे कॉलनीच्या हॉलला बारातघरच म्हणतात, मग आत वरात असो नाहीतर जयंती. तिथं वंदना झाली की पहिलं गाणं बाबांचं. स्वतःच रचलेलं, स्वतःच चाल लावलेलं. आम्ही द्वारकेत राहायला गेलो तरी हे चुकलं नाही. मी शाळेत होते तेव्हा पहिल्या रांगेत बसून ते ऐकायचे, आणि मैत्रिणींना कोपराने ढोसून सांगायचे, हे माझे बाबा.

दोन वर्षांपूर्वी मला ऐन त्या दिवशी गुरुग्रामला काम लागलं. संध्याकाळी ग्रुपवर व्हिडिओ आला. बाबा बेसूर गात होते. थोडेथोडके नाही, पेटी एकीकडे आणि बाबा भलतीकडे. पहिल्या रांगेतल्या दोन बायका एकमेकींकडे बघून हसल्या, तेही त्यात दिसत होतं. मला इतका राग आला की फोन पलंगावर फेकून दिला. मग उचलला आणि पुन्हा पाहिला, या वेळी कामाच्या डोळ्यांनी.

बाबांचा डावा कान गेलाय, हे मला तोवर ठाऊक झालं होतं. त्यांनी सांगितलं नव्हतं. फोन ते अचानक उजव्या कानाला लावू लागले होते. सोफ्यावर कायम डाव्या टोकाला बसायचे, म्हणजे बाकीचे सगळे आपोआप उजवीकडे. आईला कळलं असेल, पण तीही गप्प. आमच्याकडे असल्या गोष्टी झाकून ठेवायची पद्धत आहे, आणि मी काही त्यातून सुटलेली नाही.

पण एका कानाने माणूस बेसूर होत नाही. गाणाऱ्याला स्वतःचा आवाज परत ऐकू यावा लागतो. हॉलमधले मोठे स्पीकर लोकांकडे तोंड करून असतात, त्यांच्या मागे उभ्या असलेल्या गायकाला त्यातून नुसता गलबला ऐकू येतो. म्हणून स्टेजवर, गायकाच्या पायाशी, एक बुटका तिरपा स्पीकर ठेवतात. त्याला मॉनिटर म्हणतात. त्याचं तोंड गायकाकडे आणि पाठ लोकांकडे. मी व्हिडिओ थांबवून बघितलं, तर त्या मॉनिटरची काळी जाळी सरळ कॅमेऱ्याकडे बघत होती. कुणीतरी तो लोकांकडे फिरवला होता. बाबा सबंध गाणं अंदाजाने गायले होते.

पुढच्या वर्षी कमिटीने ठरवलं की बाबांना एकच गाणं द्यायचं. हे सांगायला सेक्रेटरी काका घरी आले. काकाही बाबांच्याच ऑफिसातले, त्यांचे चाळीस वर्षांचे दोस्त. चहा पिताना म्हणाले, “देखो यार, एक गाणं बिल्कुल तुझंच. ते छान झालं तर पुढच्या वर्षीही गा, प्रश्नच नाही. पण नवीन मुलंमुलीही मागतायत ना चान्स. नाही जमलं तर पुढच्या वर्षी तुझा सत्कार करू. शाल, स्मृतिचिन्ह, सगळं रीतसर.”

बाबा म्हणाले, “अच्छा.” मग कप बशीत ठेवताना त्यांनी तो दोनदा ठेवला.

सत्कार म्हणजे काय ते मला समजत होतं. शाल एकदा अंगावर पडली की माणूस खाली खुर्चीत बसतो, कायमचा. मी काकांना म्हटलं, “या वर्षी मिक्सरवर मी बसते. सगळा सेट मी आणते.” काका खूश झाले. त्यांना वाटलं, सामान चांगलं येणार. मला फक्त एक गाणं पाहिजे होतं, सुरात.

जयंतीला मी सकाळी सातलाच बारातघरात पोचले. सोबत सोळा चॅनलचा साधा मिक्सर नेला होता, बटणांचा, कारण गर्दीत माझा विश्वास बोटांवर जास्त. मिक्सरकडे बघून लोक घाबरतात, पण त्याचं गणित गावच्या पाण्यासारखं आहे. एका विहिरीचं पाणी वेगवेगळ्या पाटांनी सोडायचं, आणि प्रत्येक पाटाला आपली फळी. बाबांचा आवाज माइकमधून एका चॅनलवर येतो. खालची सरकपट्टी वर केली की तो हॉलमध्ये जातो. त्याच चॅनलवर दोन छोट्या खुंट्या असतात. पहिली फिरवली की तोच आवाज पहिल्या मॉनिटरमध्ये, दुसरी फिरवली की दुसऱ्यात. हॉलमध्ये किती आणि स्टेजवर किती, याचा एकमेकांशी संबंध नाही. मी पांढऱ्या चिकटपट्टीवर पेनने लिहून टाकलं: बाबा, पेटी, ढोलकी, कोरस, वंदना.

पहिला मॉनिटर बाबांसमोर, थोडा उजवीकडे ठेवला. दुसरा ढोलकीवाल्यासमोर. ढोलकी वाजवायचा तो नांदेडकडचा मुलगा मुनिरक्याला खोली घेऊन राहतो, पीएचडी करतो. तो बाबांच्या उजव्या हाताला बसणार होता. त्याच्या मॉनिटरमध्ये मी त्याची ढोलकी आणि पेटी सोडली.

बाबा तपासणीला गायला तयार होईनात. ही त्यांची जुनी रीत. जयंतीच्या दिवशी माइकमधून पहिला आवाज त्रिशरणाचाच जायला हवा, त्याआधी ‘हॅलो हॅलो, चेक चेक’ चालणार नाही. दुसरं कुणी असतं तर मी वाद घातला असता. त्यांच्याशी नाही घातला. ढोलकीवाल्याला बाबांच्या जागेवर उभं केलं, माइक बंद ठेवून मॉनिटरमधून माझ्या फोनवरचं एक गाणं वाजवलं आणि आवाजाचा अंदाज घेतला. मग मॉनिटरभोवती जमिनीवर चिकटपट्टीची चौकट आखली, आणि त्याच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं: हलवू नये. सेक्रेटरी काकांना हात धरून नेऊन दाखवलं. काकांनी मान डोलावली. मी निश्चिंत झाले, आणि तिथंच चुकले.

चार वाजता हॉल भरला. मी सगळ्यात मागे, दाराजवळ मिक्सर घेऊन बसले होते. माझ्यापासून स्टेजपर्यंत खुर्च्याच खुर्च्या, मधल्या वाटेत बायका खाली सतरंज्यांवर. मेणबत्त्या लागल्या, वंदना झाली, आवाज स्वच्छ होता. मग प्रमुख पाहुणे आले, एक मोठे अधिकारी. स्वागताच्या धांदलीत, हारतुऱ्यांत, सगळे उभे राहिले आणि मला स्टेज दिसेना. सगळे बसेपर्यंत बाबांनी माइक हातात घेतला होता आणि पेटीने सूर धरला होता.

मॉनिटरची काळी जाळी माझ्याकडे बघत होती. म्हणजे पाहुण्यांकडे. ‘हलवू नये’ आता बाबांच्या पायाशी होतं.

काकांचं काम, दुसरं कुणाचं? नंतर ते अगदी भोळेपणाने म्हणालेच, “अरे, साहेब पहिल्या रांगेत, आणि त्यांच्याकडे स्पीकरची पाठ? अच्छा दिसतं का ते?” आमच्या लोकांना पाहुण्याकडे कशाचीच पाठ केलेली खपत नाही. खुर्चीची नाही, फोटोची नाही, स्पीकरची तर नाहीच नाही. आदल्या वर्षीही हेच झालं होतं. ही गोष्ट मला घरातून निघतानाच सुचायला हवी होती, कारण मीही यातलीच.

बाबांनी पहिली ओळ उचलली आणि ती घसरली. पहिल्या रांगेतल्या साहेबांनी कानावर हात नेला, कारण बाबांचा आवाज थेट त्यांच्या गुडघ्यांवर आदळत होता. धावत जाऊन स्पीकर फिरवावा, असं एक क्षण वाटलं. पण बायकांना ओलांडत, भर गाण्यात मी स्टेजवर चढले असते तर सबंध हॉलला कळलं असतं की बाबांना ऐकू येत नाही. मेले तरी मला ते चाललं नसतं.

मग बोटांनी काम सुरू केलं. पहिली खुंटी, बाबांचा आवाज त्या फिरलेल्या मॉनिटरमधून पूर्ण बंद. साहेबांचा हात खाली आला. मग ढोलकीवाल्याच्या मॉनिटरमधून ढोलकी काढली, पेटी अर्ध्यावर आणली. आणि बाबांच्या चॅनलची दुसरी खुंटी हळूहळू वर, वर, शिट्टी येईल त्याच्या एक केसभर अलीकडे थांबले. हॉलमध्ये काडीचा फरक पडला नाही. फक्त स्टेजवरच्या त्या एका कोपऱ्यात आता बाबा होते.

ढोलकीवाल्याने चमकून मिक्सरकडे बघितलं. त्याच्या समोरच्या स्पीकरमधून त्याची ढोलकी गायब झाली होती आणि दुसऱ्याचाच गळा येत होता. मी मागून हात उंच करून बाबांकडे बोट दाखवलं. पोरगं हुशार. ठेका न सोडता त्याने गुडघ्याने तो मॉनिटर ढकलला, ढकलत ढकलत बाबांकडे तोंड करून दिला.

एक भीती उरली होतीच. एकच कान चालत असला की आवाज येतोय हे कळतं, कुठून येतोय ते कळत नाही. बाबा गाता गाता थांबल्यासारखे झाले. मान इकडे, मान तिकडे. ढोलकीवाल्याने त्यांच्याकडे बघून नुसत्या भुवया उडवल्या. बाबा एक पाऊल सरकले, मग दुसरं. मग पूर्ण वळून त्याच्यासमोर उभे राहिले, डावी बाजू लोकांकडे करून, आणि दुसऱ्या कडव्याचा पहिला सूर त्यांनी असा लावला की पेटीवाले मान हलवून हसले.

पुढचं सगळं गाणं ते तसेच गायले, ढोलकीवाल्याकडे बघत. शेवटच्या कडव्याला हॉल टाळ्यांनी ठेका धरू लागला. तो त्यांना नीट ऐकू आला नसावा, कारण हॉलकडे होता तो बंद कान. मी मिक्सरवर दोन्ही हात ठेवून रडत होते आणि मला त्याची अजिबात लाज वाटत नव्हती.

गाणं संपलं. मला वाटलं, झालं, वाचलं. कुणाला काही कळलं नाही. बाबा खाली उतरतील, काका पुढच्या वर्षीचं तोंडभरून कबूल करतील, आणि कानाची गोष्ट घरात झाकलेली राहील.

बाबा उतरले नाहीत. ते लोकांकडे वळले आणि माइकमध्येच म्हणाले, “पाहुणे समोर बसलेले असताना मी तुमच्याकडे तोंड करून गायलो नाही. माफी असावी. माझा डावा कान गेलाय, तीन वर्षं झाली. ज्या बाजूनं माझा आवाज मला ऐकू आला त्या बाजूला मी वळलो. तो आवाज माझ्या मुलीनं पाठवला. ती मागे दाराजवळ बसलीय. ती हेच काम करते.”

सबंध हॉलने मागे वळून बघितलं. पहिल्या रांगेतले साहेबसुद्धा वळले. ‘इव्हेंटमध्ये आहे’ म्हणून विषय बदलणारा माणूस माझं काम तीनशे लोकांना सांगत होता. तेवढ्यासाठी त्याने ते गुपित खर्चून टाकलं होतं, जे राखायला मी जागची हलले नव्हते. मला उभं राहावं लागलं. नाक पुसायला रुमालही जवळ नव्हता.

कार्यक्रम संपल्यावर मी वायरी गुंडाळायला स्टेजवर गेले. सेक्रेटरी काका कानकोंडे होऊन म्हणाले, “यार, आधी सांगायचं ना मला! मी कशाला हात लावला असता?” बाबा वाकून मॉनिटरच्या पाठीवरचं माझं ‘हलवू नये’ वाचत होते. मी जवळ गेले, सवयीने डावीकडून. त्यांनी मला दंडाला धरून उजव्या बाजूला आणलं. आता लपवण्यासारखं काही नव्हतं, म्हणून अगदी सरळ आणलं.

मग काकांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले, “नुसतं लिहून नाही भागत यांना. पुढच्या वर्षी मी गायच्या आधी याला खिळे ठोकून टाक.”