सुतळीने बांधलेलं दार

माझ्या बापाचा धाकटा चुलतभाऊ माणगावला सडकेची कंत्राटं घ्यायचा. स्वातंत्र्यानंतर पाच-सहा वर्षांत त्याने एक जुनी मोटार घेतली आणि त्या दिवसापासून पायी चालणारी माणसं त्याला दिसेनाशी झाली. शिमग्याला तो काशीदला आला तो गाडी मिरवायला. सण आपला नावाला.

मी दहा वर्षांची होते, धाकटी बहीण पाच. काकाने आळीतली नऊ पोरं गोळा केली. सहा जण आत कोंबले, तिघांना दाराबाहेरच्या पायरीवर उभं केलं. मागचं डावं दार लागत नव्हतं, ते त्याने सुतळीने बांधलं. त्या दाराशी माझ्या बहिणीला बसवलं, कारण ती सगळ्यांत लहान, कशीही मावायची. तिच्या शेजारी मी.

आई मासळी वाळत घालत होती. ती हात पुसत आली.

"भावजी, दार बांधलेलं हाय. पोरं उतरवा आधी."

"वहिनी, मोटार हाय ही, तुमची होडी न्हाय."

"होडीत आम्ही पोरं काठावर बसवत न्हाय."

काका हसला. त्याच्या मागोमाग माझा बापही हसला. काका मूर्ख होता, पण बापाला सगळं कळत होतं. म्हणून त्याच्या हसण्याची मला जास्त किळस येते.

आईने पायरीवरच्या तिघांना खाली ओढलं, तेवढ्यात गाडी हलली.

सुरूच्या बनापाशी रस्ता वळतो. तिथे काकाला वेग दाखवायचा होता. सुतळी तुटली, दार उघडलं. मी बहिणीचा झगा धरला, तो फाटला. ती रस्त्याकडेला आपटली आणि गळ्याजवळचं हाड मोडलं.

काका उतरला. त्याने आधी दाराची बिजागरी पाहिली.

"नीट बसता येत न्हाय पोरीला," तो म्हणाला. "चल, गाडीत घे तिला."

मी घेतलं नाही. तिला उचलून चालत घरी आणलं. हाडवैद्याने हात गळ्यात बांधला. हाड जुळलं, पण खांदा वाकडाच राहिला.

त्या दिवशी आईने काकाला जेवायला वाढलं नाही. बापाने वाढलं. काकाने दोनदा भात मागून घेतला.

पुढच्या शिमग्याला तो पुन्हा आला. आळीतल्या बायकांनी पोरं घरात घेऊन कड्या लावल्या. तो बराच वेळ भोंगा वाजवत बसला होता.